जोंगाला कुठला रंग द्यायचा?

आमच्या बोळात नवीन राहायला आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात मला दोन प्रश्न विचारतो. ही गाडी चालते का? आणि रंग कधी देणार? पहिल्याचं उत्तर त्या त्या दिवसावर अवलंबून असतं. दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता सहा वर्षं गेली.

गाडी रेड ऑक्साइडमध्ये उभी आहे. ग्रिलच्या दारांना, लोखंडी जिन्यांना मारतात तोच तांबडा प्रायमर. लांबून पाहिलं तर कुणी गेरू फासून ठेवलाय असं वाटतं. बायको म्हणते, पोळ्याचा बैल दिसतो नुसता. फरक एवढाच की बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला जातो.

ही जोंगा आहे, लष्कराची जुनी, जीपसारखी गाडी. नाव आफ्रिकेतल्या एखाद्या प्राण्याचं वाटतं, पण ते जबलपूरचं आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, यातली अक्षरं उचलून केलेलं. मूळ गाडी जपानी, निसान पेट्रोल. इथलं पेट्रोल म्हणजे गस्त, पंपावरचं नव्हे. पण ज्याने टाकी भरून पाहिलीय त्याला दोन्ही अर्थ सारखेच पटतात. निसानने पहिली पेट्रोल १९५१ मध्ये काढली, आणि १९६० मध्ये आलेलं तिचं पी-६० हे मॉडेल चीन युद्धानंतरच्या काळात आपल्या लष्कराने घेतलं. ते पुढे १९९९ पर्यंत जबलपूरला बनत राहिलं. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. चार लिटरला चव्वेचाळीस सीसी कमी. लिटरला पाच किलोमीटर मिळाले तर मी देवाला नारळ फोडतो.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. बोपोडीत आम्ही राहायचो (अजूनही तिथेच, त्याच घरात, फक्त पुढच्या अंगणातला पेरू गेला आणि तिथे ही उभी राहिली). जुन्या मुंबई रस्त्यावरून लष्कराचा ताफा जायचा तेव्हा सगळी वाहतूक थांबायची आणि आम्ही पोरं कठड्यावर बसून मोजायचो. शक्तिमान ट्रक, शक्तिमान, निसान वन टन, शक्तिमान, जोंगा. जोंगा दिसली की ओरडायचं, कारण तिच्यात साहेब असायचा. आमचा एक नियम होता: साहेबाने हात केला तर दहा मार्क, जवानाने केला तर दोन. जवान नेहमी हात करायचे, त्यामुळे जिंकायचा तो दोन-दोन मार्कांनीच. साहेबाचे दहा मार्क मला एकदाच मिळाले, आणि तेही वादग्रस्त आहेत. माझ्या भावाच्या मते तो साहेब माशी हाकलत होता.

तर गाडी घेतली ती या आठवणीपायी, हे कबूल करतो. बाकी जी कारणं मी बायकोला सांगितली ती सगळी नंतर सुचलेली.

२०१७ मध्ये निफाडजवळच्या एका द्राक्ष बागाईतदाराकडून घेतली. त्यांना मी अण्णा म्हणतो. अण्णांनी ती नव्वदच्या दशकात लष्करी लिलावात लॉट घेणाऱ्या कुणाकडून तरी उचलली होती, आणि पहिलं काम काय केलं असेल तर मागची बाजू कापली. पुढच्या दोन सीटांच्या मागे ग्राइंडर फिरवला, मागे चॅनेल टाकून, चेकर प्लेट जोडून हौदा केला, फाळक्याला साखळ्या लावल्या. जोंगाचा पिकअप झाला. त्यात द्राक्षांचे क्रेट गेले, शेणखत गेलं, फवारणीची टाकी गेली, आणि एका वर्षी अण्णांच्या धाकट्याची वरातही गेली. शोरूममध्ये ठेवायची गाडी शोधणाऱ्याने जिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं अशी ती होती, म्हणून मला परवडली. २०१९ मध्ये धोनीने जोंगा घेतली आणि त्यानंतर माझ्या ओळखीचा प्रत्येक भंगारवाला गंजलेल्या नटालाही ‘मिलिटरीचा माल आहे’ म्हणू लागला, ती गोष्ट वेगळी.

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असं करत मी ती चालवतच पुण्याला आणली. चंदनापुरीच्या घाटात उकळली, पाणी घातलं, पुन्हा उकळली. रात्री अकराला बोळात शिरलो तेव्हा शेजारच्या घराचा दिवा लागला आणि सुभेदारकाका लेंगा-बनियनवर बाहेर आले. गाडीकडे पाहिलं नाही. बॉनेटला कान लावला, इंजिन बंद करायला सांगितलं, आणि म्हणाले, “पाच नंबर मारत नाहीये. झोप आता.”

काका ईएमईमधून निवृत्त झालेले. लष्कराच्या गाड्यांपासून रणगाड्यांपर्यंत सगळं दुरुस्त करणारी ही शाखा, आणि काकांची शेवटची पोस्टिंग इथेच, खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये. बाबांचे मित्र. पाच नंबरचा प्लग दुसऱ्या दिवशी काढला तर खरंच काळाकुट्ट, तेलाने ओला.

माझा मूळ बेत साधा होता. गाडी अस्सल करायची. अण्णांचा हौदा कापून टाकायचा, मागची बाजू पुन्हा बांधून घ्यायची, कॅनव्हासचं छत, आणि ओजी रंग. ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. लष्करात पूर्ण नाव कुणी घेत नाही. दोन वर्षांत काम संपेल असा अंदाज होता. अंदाज अर्थातच माझा होता.

सुरुवात रंग काढण्यापासून केली. पेंट रिमूव्हर फासायचा, दहा मिनिटं थांबायचं, रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा फुगला की पट्टीने ओढायचा. वरचा थर अण्णांचा निळा, ट्रॅक्टरचा असतो तसला. बॉनेटच्या टोकाला निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’. ती अक्षरं मी शेवटपर्यंत ठेवली आणि मग एका रविवारी आंघोळ करून काढली. निळ्याखाली करडा प्रायमर. त्याखाली ओजी, आणि त्याखाली पुन्हा ओजी, थोडा वेगळा, अधिक तपकिरी झाक असलेला. कितीदा रंगवली असेल कुणास ठाऊक. लष्करात रंग गंजापेक्षा वेगाने चढतो, असं काका म्हणतात.

पुढच्या बंपरवर मी हळू गेलो. निळा निघाला, करडा निघाला, आणि हिरव्यावर एक फिकट पांढरी उभी रेघ दिसायला लागली. तिच्या टोकाला दोन छोट्या तिरक्या रेघा. बाण. वर रोखलेला. लष्कराच्या प्रत्येक गाडीच्या नंबराची सुरुवात या बाणाने होते, आणि त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्कराने घेतली ते वर्ष. मी पट्टी टाकली आणि रॉकेलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसत बसलो. ७ आला. बऱ्याच वेळाने ८. पुढचं अक्षर आणि बाकीचा नंबर कुणीतरी लिलावाआधी खरवडून टाकलेला. १९७८. म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लेकीने लगेच तिला आत्या करून टाकलं.

नाकाच्या डाव्या बाजूला पिवळ्या वर्तुळाचा तुकडा मिळाला. मला वाटलं, रेजिमेंटची खूण असेल. काका म्हणाले, “पूल.” लष्करी पुलांवर, त्या बेली पुलांवर वगैरे, किती भार चालेल याचा एक आकडा लिहिलेला असतो, प्रत्येक गाडीच्या नाकावर पिवळ्या चकतीत तिचा स्वतःचा आकडा. पुलाचा आकडा गाडीच्या आकड्याएवढा किंवा मोठा असेल तर जा, नाही तर थांब. ड्रायव्हरने वजनाचा हिशेब करायचा नाही, फक्त दोन आकडे बघायचे. वर्तुळ सापडलं, आतला आकडा गेलेला. मी म्हटलं, परत रंगवून घेऊ. काका काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की मला वाईट बातमी येणार हे कळतं.

ती बातमी एकशे एकविसाव्या नियमाची होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १२१: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लिलावात विकल्यावर म्हणूनच रंग बदलून घ्यावा लागतो. म्हणजे अण्णांचा निळा रंग ही अण्णांची आवड नव्हती, किंवा निदान नुसती आवड नव्हती. मी थोडा वाद घातला. अस्सल रंग तोच आहे, गाडी तशीच बनली होती, मी काही तोतया नाही, वगैरे. काका पायरीवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, “मी पण तसाच बनलो होतो. आता वर्दी घालून भाजी आणायला जाऊ का?”

मग मी रेड ऑक्साइड मारला, पत्रा उघडा पडून गंजू नये म्हणून. तात्पुरता.

रंगाचं असं अडकलं, म्हणून मी आत शिरलो. खरं शिक्षण तिथे झालं.

पहिली ओळख पान्यांशी. गाडी जपानी वंशाची, त्यामुळे नट मिलिमीटरमध्ये: १०, १२, १४, १७, १९. माझ्या पेटीत काकांच्याच एका जुन्या जीपच्या काळातले इंची पाने होते. ते लागल्यासारखे वाटतात, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतात आणि आपली बोटं सोलतात. बोहरी आळीतून गोटी सेट आणला तर त्यात १३ आहे, १४ नाही. दुकानदार म्हणाला, हल्ली तेराच चालतो. माझ्याकडे चौदाच चालतो. १४ चा रिंग पाना वेगळा घेतला आणि तो आता माझ्या हाताला इतका सरावलाय की कप्प्यात हात घातला तर न बघता तोच येतो.

टाकीचं प्रकरण पहिल्या पावसाळ्यानंतर निघालं. गाडी चालायची, तीन-चार किलोमीटरवर गुदमरायची, थोडं थांबलं की पुन्हा चालायची. फिल्टर काढला तर तळाशी चहाच्या गाळासारखा तांबडा गाळ. टाकी आतून गंजलेली. यावरचा इलाज गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक असतो पण लिहून कुठे सापडत नाही: टाकी उतरवायची, तिच्यात हातभर लांबीची साखळी आणि मूठभर नट टाकायचे, थोडं रॉकेल, आणि झाकण घट्ट करून टाकी लोळवायची. आम्ही जुन्या सतरंजीवर ती लोळवली. लेक एका बाजूला, मी दुसऱ्या. आतल्या साखळीचा आवाज म्हणजे कुणी भांड्यांचा ढीग आदळतंय. दीड तासाने ओतलं तर बाहेर आलेलं रॉकेल अगदी रेड ऑक्साइडच्या रंगाचं. चार वेळा धुतली तेव्हा आतला पत्रा टॉर्चने चमकायला लागला.

गंज येतो कुठून? पाण्यातून. आणि पाणी येतं कुठून? हल्लीच्या पेट्रोलमधून, असं उत्तर आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी रोज चालत असेल तर फारसं काही होत नाही, पण पुण्याचा पावसाळा गाडीने ताडपत्रीखाली काढला तर पाणी खाली बसतं आणि टाकीच्या तळाला चाटत राहतं. वर हेच इथेनॉल जुन्या रबराला खातं. माझा एसी पंप, म्हणजे इंजिनावरून चालणारा पेट्रोलचा पंप, त्याचा पडदा मी उघडला तेव्हा शिळ्या पापडासारखा झाला होता. नळ्या आतून चिकट. सगळं व्हायटॉन रबराचं घातलं, महाग पण टिकतं. उसाच्या राज्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायची नसतात. अण्णांचे व्याहीच ऊसवाले आहेत. फक्त १९७८ साली जबलपूरला ज्याने ही नळी बसवली त्याला याची कल्पना नव्हती, एवढंच.

तसं तर या इंजिनाचं मूळ इंधन केव्हाच संपलं. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखं राखायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. फार चांगलं झालं, आपल्या पोरांच्या रक्तात ते शिसं जात होतं. पण जोंगा बनणं १९९९ मध्ये थांबलं आणि तिचं पेट्रोल त्याच्या पुढच्याच वर्षी, हे मला जुन्या नवरा-बायकोंसारखं वाटतं. तेव्हापासून मी टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, जरा वरचेवर तपासतो. बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत जातो आणि ते अंतर कमी होतं. इंजिन स्वतः सांगतं, फक्त तपासायला हवं.

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय काम पॉइंटचं. नव्या गाड्या चालवणाऱ्यांना हा प्रकार माहीतच नसतो. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली की आत दोन छोटे धातूचे तुकडे दिसतात, मसूर डाळीएवढे, एकमेकांना टेकलेले. मधला दांडा फिरतो, त्याच्या सहा कडा एकेक करून त्यांना विलग करतात आणि प्रत्येक वेळी कुठल्या तरी सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. १-५-३-६-२-४, हा क्रम. चार लिटरचं, सव्वा टनाहून जास्त लोखंड ओढणारं हे धूड त्या दोन मसुरांच्या मधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फटीवर चालतं. फट जास्त झाली की गाडी खोकते, कमी झाली की पॉइंट जळतात. गाडी न्यूट्रलला, पंख्याचा पट्टा धरून इंजिन हाताने फिरवायचं, कड बरोबर माथ्यावर आणायची, फिलर गेजची पाती मधे सरकवायची. पाती सरकताना बोटाला जे लागतं ते शब्दांत सांगता येत नाही. काका म्हणतात, “लोणी लावलेल्या सुरीसारखी.” मला ते वर्तमानपत्राच्या दोन पानांत बोट घातल्यासारखं वाटतं. दोघांच्या फटी सारख्याच निघतात.

रेडिएटरसाठी मात्र मी हरलो होतो. वरची टाकी पितळेची, तिला अण्णांच्या काळात कशाचा तरी दणका बसून खोल पोचा पडलेला आणि पोच्याच्या टोकाला भेग. नवा मिळत नव्हता. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घातला, तिथे मला एक हेडलाइट, दोन हबकॅप आणि बाबांकडे होता तसला एक स्टोव्ह मिळाला. रेडिएटर नाही. दोन दुकानदारांनी ‘ॲल्युमिनियमचा नवा बनवून देतो’ म्हटलं आणि जे भाव सांगितले त्यात मी दिवाळीचा विचार करून परत आलो. शेवटी आईच म्हणाली, “पितळ ना? मग तांबटाकडे ने की.”

कसब्यातली तांबट आळी पेशवाईपासून ठोकतेच आहे. मी ती टाकी पिशवीतून घेऊन गेलो, जरा ओशाळवाणाच, कारण तिथे लोक बंब आणि घंगाळी घेऊन येतात. ज्या तांबटाच्या पुढ्यात ठेवली त्यांनी ती उलटीपालटी केली, नखाने वाजवली आणि विचारलं, “हे कशाचं भांडं?” मी सांगितलं. त्यांनी ती तापवली, लोखंडी दांड्यावर उलटी चढवली, आणि लाकडी हातोडीने बाहेरून नाही, पोच्याच्या कडेकडेने, गोल गोल येत मारायला सुरुवात केली. मधे एकही घाव नाही. आठ-दहा मिनिटांत पोचा आपोआप वर आला, जशी फुगलेली पोळी वर येते. भेगेला डाख दिला. पैसे विचारले तर म्हणाले, घागरीचे घेतो तेवढेच. पुढच्या एप्रिलमध्ये विद्यापीठ चौकात मी पाऊण तास अडकलो, एसी पंपावर ओला पंचा टाकून बसावं लागलं कारण पेट्रोलची वाफ होत होती, पण पाणी उकळलं नाही.

आता ब्रेकचं सांगतो. सांगायला आवडत नाही.

चारी चाकांना ड्रम, आणि सगळी एकच लाइन. कुठेही गळलं की सगळेच जातात. चाकांतले सिलिंडर मी स्वतः उघडले, साफ केले, नवं किट घातलं. आणि रबराचे कप बसवण्याआधी पेट्रोलने धुतले. स्वच्छ व्हावेत म्हणून. दोन महिने काही झालं नाही. मग एका संध्याकाळी भोरकडून येताना जुन्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो, पुणं खाली दिव्यांनी भरलेलं, शेजारी बायको, आणि पहिल्याच वळणाला पायाखालचं पेडल गेलं. मऊ झालं नाही; गेलं. फळीला टेकलं.

दुसरा गिअर होता. डबल क्लच करून पहिला कसा पडला ते मला अजून आठवत नाही, पण पडला, आणि चार लिटरचं इंजिन ओरडून गाडीला मागे खेचायला लागलं. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो. धावत्या गाडीत जोरात ओढला तर काहीतरी मोडू शकतं. म्हणून तोही चिमटीत धरल्यासारखा थोडाथोडा. बायको एक शब्द बोलली नाही. भिलारेवाडीजवळ रस्त्याच्या कडेला चढ मिळाला, तिथे गाडी आपोआप थांबली. तेव्हा ती म्हणाली, “तुझे कान लाल झालेत.”

ब्रेकचं रबर पेट्रोलला चालत नाही. फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. ते फक्त ब्रेक ऑइलमध्ये धुवायचं. हे मला कुणीही सांगू शकलं असतं. मी विचारलंच नव्हतं. काकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. घरात गेले आणि एक दोनशे पानी वही घेऊन आले. वर लिहिलं: फर्स्ट पॅरेड, हॉल्ट पॅरेड, लास्ट पॅरेड. लष्करात गाडी बाहेर काढण्याआधी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर ड्रायव्हरने काय काय बघायचं ते ठरलेलं असतं. पाणी, तेल, बॅटरी, चाकांचे नट, गळती; परत आल्यावर ब्रेक ड्रमना हाताची पाठ लावायची, एखादा जास्त गरम असेल तर तो धरतोय. काकांनी पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली. “इथून पुढे ज्या दिवशी ही वही भरली नाही त्या दिवशी गाडी काढायची नाही. सूनबाईला बसवायची असेल तर मला सही दाखवायची.” तिकडे ड्रायव्हर वेगळा, फिटर वेगळा, भांडारातला कारकून वेगळा, सही करणारा साहेब वेगळा. बोपोडीत ते सगळे मीच, सहीपुरते काका.

दरम्यान सरकारने जुन्या गाड्यांचे नियम आणले. २०२१ च्या जुलैत व्हिंटेजचे आले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, फारशी बदललेली नसलेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मी कागद काढून बसलो. आमच्या आरसी बुकावर पहिली नोंदणी १९९६ ची, कारण त्याआधी ती बाणाखाली होती. म्हणजे कागदाच्या हिशेबाने आत्या अजून तिशीत नुकत्या आल्यात. आणि हौदा असताना ‘फारशी बदललेली नाही’ म्हणणार कोण?

हौदा कापायचा बेत तोवर मी दोनदा पुढे ढकलला होता. तिसऱ्यांदा ग्राइंडर आणून ठेवला, प्लगही लावला. कापायच्या आधी वेल्डिंगची रेघ नीट दिसावी म्हणून हौद्याच्या आतला रंग घासत होतो, तर फाळक्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने कोरलेलं सापडलं. एका मुलाचं नाव, ‘इयत्ता ४ थी ब’, आणि खाली जोंगाचं चित्र. चाकं फार मोठी, नाकावर फूल. ग्राइंडर काकांना परत दिला.

त्याच दिवशी घासताना आणखी एक दिसलं. पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे ना अण्णांचा ब्रश पोचला होता ना नंतरच्या लष्करी रंगाऱ्याचा, पहिल्या हिरव्याच्या खाली, पत्र्याला लागून, पहिला थर तांबडा होता. मी बोटाने माझ्या रेड ऑक्साइडला लावून पाहिला. जवळजवळ तोच.

परवाच्या जानेवारीत अण्णा पुण्याला आले होते, नातीला कॉलेजात सोडायला. बोळात शिरताना लांबूनच थबकले. जवळ येऊन चारी बाजूंनी फिरले, फाळका उघडून आतलं चित्र बघितलं, पुन्हा लावला.

“निळा बरा होता,” म्हणाले.

“हिरवा पण बरा होता,” पायरीवरून काका.

त्या दोघांची ती पहिली भेट. अण्णांनी किल्ली मागितली. मी वही काढली, पाणी-तेल बघितलं, फर्स्ट पॅरेडच्या रकान्यात काकांनी सही केली आणि ते स्वतःच शेजारच्या सीटवर चढून बसले. मला कुणी विचारलं नाही. मी हौद्यात उभा राहिलो, केबिनला धरून. अण्णांनी चोक ओढला, एकदाच सेल्फ मारला, आणि कोपर खिडकीबाहेर टाकून गाडी बोळाबाहेर अशी काढली की जणू निफाडलाच चाललेत. खडकीपर्यंत जाऊन आलो. होळकर पुलावर एका शाळकरी पोराने हात केला; पुढून दोघांनीही केला.

परत आल्यावर अण्णा चहाला थांबले. काका थांबले नाहीत. गुडघे धरत धरत खाली वाकले, चारी ड्रमना हाताची पाठ लावली आणि वही मागितली. लास्ट पॅरेडच्या रकान्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘११ कि.मी. पाणी ठीक. तेल ठीक. मागचं डावं चाक, आतून ओल. उद्या उघडणे.’

मी जॅक काढला. अण्णा म्हणाले, उद्या कशाला, मी आहे की संध्याकाळपर्यंत. आणि शर्टाच्या बाह्या वर करून विचारलं, “चौदाचा पाना कुठंय?”